वाघोलीच्या वाळूवरचे प्रवासी

डिसेंबरातल्या तिसऱ्या रविवारी बद्रीनाथ गावंडेने प्रेक्षक मोजले, तेव्हा ते एकतीस भरले. आदल्या रविवारी बावीसच होते, म्हणून त्याला जरा धीर आला. तेवढ्यात त्यातले अकरा जण एकदम उठले, फेटे सारखे केले आणि शेजारच्या लॉन्सवर बँड वाजायला लागला तशी तिकडे चालू लागले. वरातीला उशीर होता म्हणून ते बिचारे सावलीला येऊन बसले होते. उरलेल्या विसांत दोन रखवालदार, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर आणि औंधच्या दोन्ही खेळाडूंचे आईवडील होते. एक गृहस्थ पेपर वाचत होते, आणि तो पेपर कालचा होता.

हे प्रेक्षक जमवणं आणि जमवलेले टिकवणं हेच बद्रीनाथचं काम होतं. त्याच्या कार्डावर ‘प्रमुख, फॅन एंगेजमेंट’ असं छापलेलं होतं. अकोल्याला गेला असताना त्यानं ते कार्ड मोठ्या हौसेनं वडिलांना दाखवलं. वडिलांनी चष्मा लावून वाचलं, वर छताकडे पाहिलं आणि म्हणाले, “पंख्याच्या कंपनीत लागला का तू? मंग हा आपला कुरकुरतो तो पाहून घे आधी.”

त्याआधी तो खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कर्मचाऱ्यांना खूश ठेवण्याच्या खात्यात होता. दिवाळीत आकाशकंदिलांची स्पर्धा, महिलादिनाला गुलाबाचं फूल, गुडघे कुरकुरणाऱ्या मॅनेजरांकडून दांडिया, असली कामं तो मनापासून करायचा. मग अमेरिकेत मंदी आली. कंपनीनं कर्मचारीच कमी केले, आणि कमी केलेल्यांना खूश ठेवायची गरज उरली नाही, म्हणून त्यालाही कमी केलं. बायको नम्रता त्याच इमारतीत तीन मजले वर टेस्टिंग करायची. तिची नोकरी शाबूत होती. “घरात एक नोकरी आहे न, मंग कशाले घाबरतं?” ती म्हणाली. पण बद्रीनाथ घाबरला होता. त्यामुळे शरच्चंद्र आपट्यांनी बोलावलं, तेव्हा काम काय आहे ते नीट न ऐकताच तो हो म्हणाला.

शरच्चंद्र आपटे पंधरा वर्षं कॅलिफोर्नियात राहून, तिथे काढलेली कंपनी विकून पुण्यात परतले होते. क्रिकेटच्या वीस षटकांच्या सामन्यांनी तेव्हा गावोगाव वेड लावलं होतं. ज्याच्याकडे थोडी जागा आणि बरीच हौस होती तो कसली ना कसली लीग काढत होता. आपट्यांकडे वाघोलीत नगर रस्त्याला लागून दोन एकर होते. त्यांनी बीच व्हॉलीबॉलची व्यावसायिक लीग काढली. पत्रकार परिषदेत कुणीतरी विचारलं, “पण समुद्र कुठे आहे?”

“बीचला वाळू लागते,” आपटे म्हणाले. “समुद्र हा ॲड-ऑन आहे.”

संघ चार होते आणि प्रत्येक संघात दोनच मुली. कात्रजला सर्पोद्यान, म्हणून कात्रज कोब्रा. औंध ऑक्टोपस केवळ अक्षर जुळतं म्हणून. मांजरीच्या संघमालकाला मांजर म्हणवून घ्यायचं नव्हतं, त्यानं आधीच जाऊन ‘टायगर’ नाव अडवून ठेवलं. त्यामुळे वाघाचं नाव ज्या गावच्या नावात आहे त्या वाघोलीच्या वाट्याला ‘शार्क’ आला. वाघोलीची मंडळी यावरून इतकी रागावली, की पहिल्या दिवशी निषेध करायला म्हणून शंभर माणसं आली. लीगची तीच आजवरची सर्वांत मोठी गर्दी होती.

“बद्री,” आपटे त्या रविवारी संध्याकाळी म्हणाले, “प्रॉडक्ट उत्तम आहे. यूजर येतो, पण थांबत नाही. त्याला थांबव.”

बद्रीनाथनं आजवर काय केलं नव्हतं? दुसऱ्या आठवड्यात त्यानं फुकट मिसळ ठेवली. लोक आले, मिसळ खाल्ली आणि गेले. मग त्यानं मिसळ सामना संपल्यावर द्यायची ठरवली, तेव्हा लोक सामना संपल्यावर आले. जुन्या कंपनीतल्या ओळखीनं एक बसभर इंजिनिअर ‘टीम आउटिंग’ म्हणून आणले. ते मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले. त्यातला एक जण परदेशातल्या कुणाशी फोनवर बोलता बोलता “आउट! आउट ऑफ स्कोप!” असं इतक्या जोरात ओरडला, की पंचांनी दचकून बॉल बाहेर दिला. कात्रजचा भलामोठा कापडी नाग आणला, तर आत शिरणारा माणूस पहिल्याच दुपारी घामानं चक्कर येऊन पडला. मग बद्रीनाथ स्वतः आत शिरला. वाघोलीची कुत्री त्या नागामागे अशी लागली, की तो कुंपण ओलांडून नगर रस्त्यावर गेला, आणि एका ट्रकवाल्यानं गाडी थांबवून त्याला नमस्कार केला.

या सगळ्यात एकच प्रेक्षक नियमित होता. विमलाबाई केळकर. मैदानामागच्या नव्या इमारतीत त्या एकट्या राहायच्या. सामना सुरू झाला की तिसऱ्या रांगेत येऊन बसायच्या, मांडीवर ताट घ्यायच्या आणि मटार सोलायच्या. बद्रीनाथला वाटायचं, चला, एक तरी खरी चाहती आहे. त्या रविवारी तो हात जोडून त्यांच्यापुढे गेला.

“बाई, तुम्ही प्रत्येक मॅचला येता. फार बरं वाटतं.”

“मी मॅचला येत नाही,” विमलाबाई म्हणाल्या. “तक्रार करायला येते. तुम्ही भेटत नाही म्हणून बसावं लागतं.”

“कसली तक्रार?”

“तो तुमचा माईकवाला मुलगा. माझ्या स्वयंपाकघरात त्याचं सगळं ऐकू येतं आणि काहीही कळत नाही. आठवड्याला चार किलो मटार सोलून झाले, पण कोण जिंकलं ते अजून समजलेलं नाही. अहो, शब्द सुटा बोलावा. मी अठ्ठावीस वर्षं स्वारगेटला एसटी स्टँडवर घोषणा केल्या आहेत. माझं ऐकून चुकीच्या गाडीत बसलेला माणूस दाखवा.”

तो माईकवाला मुलगा पुढच्या शनिवारी आलाच नाही. त्याला लोणावळ्याला एका संगीत समारंभात निवेदनाचं काम मिळालं होतं. सामन्याला दहा मिनिटं उरली होती. बद्रीनाथ धावत विमलाबाईंकडे गेला.

“बाई, मेहेरबानी करा बाप्पा! माईक घ्या.” घाबरला की त्याची वऱ्हाडी वर यायची.

“मला खेळातलं काही कळत नाही.”

“त्या पोराले तरी कुठं कळत होतं?”

हे विमलाबाईंना पटलं. त्यांनी मटाराचं ताट त्याच्या हातात दिलं, मंचावर जाऊन बसल्या, माईकवर दोनदा टिचकी मारली, आणि अठ्ठावीस वर्षांची सवय आपोआप बाहेर आली.

“प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. कात्रज कोब्रा विरुद्ध औंध ऑक्टोपस हा सामना थोड्याच वेळात सुरू होत आहे. कात्रजकडून कुमारी जया आणि कुमारी सोनाली. सामान आपापल्या जबाबदारीवर सांभाळावे.”

मैदानाच्या फाटकाबाहेरच नगरकडे जाणाऱ्या जीपगाड्यांचा थांबा होता. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे तिथे कायम वीस-पंचवीस माणसं पिशव्या, पेट्या, पोरंबाळं घेऊन ताटकळत उभी असायची. त्यांच्या कानांवर हा आवाज पडला. अर्ध्या महाराष्ट्राच्या कानांत बसलेला तो स्टँडवरचा सपाट, खणखणीत, शंकेला जागा न ठेवणारा सूर! पाच मिनिटांत फाटकातून माणसं आत यायला लागली. डोक्यावर गाठोडी, काखेत कोंबडी.

“बाई, शेवगाव कुठं लागती?” एकानं मंचापाशी येऊन विचारलं.

“इथे फक्त व्हॉलीबॉल लागतं,” विमलाबाई माईकवरूनच म्हणाल्या. “बसून घ्या. उभ्यानं मागच्यांना दिसत नाही.”

त्या सुरात सांगितल्यावर न बसण्याची कुणाची छाती नव्हती. सगळे बसले. खुर्च्या होत्या, वर मांडव होता, प्यायला पाणी होतं. बाहेर रस्त्याच्या धुळीत उभं राहण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं होतं. बद्रीनाथ मटार हातात घेऊन नुसता बघत राहिला.

आणि विमलाबाईंचं निवेदन रंगलं. “सोनाली यांची सर्व्हिस जाळ्यात. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.” “पंचांनी बॉल आत दिलेला आहे. पंचांना दिसला असेल, आम्हांला दिसला नाही.” “औंधच्या खेळाडूंनी टाइम आउट मागितला आहे. कशासाठी ते त्यांनाच माहीत.” लोक पिशव्यांवर हनुवट्या टेकवून हसू लागले. मध्येच जीपवाला भैरू फाटकात येऊन ओरडला, “नगर! नगर! शिक्रापूर, शिरूर, नगर!” तशी अर्धी रांग खडखडत उठली आणि निघून गेली. वीस मिनिटांत दुसरी रांग भरली.

पुढच्या शनिवारी दोनशे माणसं होती, त्यानंतर तीनशे. भैरू आणि त्याचे जीपवाले दोस्त आता उतारूंना स्वतःच आत पाठवायला लागले. “तिथं बसा निवांत, हाळी देतो,” असं सांगायचे. विमलाबाईही दोन सर्व्हिसच्या मधल्या वेळेत सांगून टाकायच्या, “शिरूरच्या जीपमध्ये दोन जागा शिल्लक आहेत. गुण अकरा-नऊ.” आपट्यांनी लॅपटॉपवर आलेख काढला आणि बद्रीनाथच्या पाठीवर थाप मारली. “माणूस सरासरी बावन्न मिनिटं थांबतो! कॅलिफोर्नियात एवढं कुणी थांबत नाही. कसं जमवलंस?”

“स्थानिक जनतेची नाडी ओळखली, सर,” बद्रीनाथ म्हणाला. जीप भरायला बावन्न मिनिटं लागतात, हे त्याच्या तोंडून काही निघालं नाही.

घरी त्यानं हे नम्रताला सांगितलं तेव्हा तीही हसली. पण जया हसली नाही.

जया गायकवाड कात्रज कोब्राची मुख्य खेळाडू. दापोडीत वाढलेली, वडील खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ती स्वतः रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरीला लागली होती आणि दिवसभर तिकिटं देऊन पहाटे वाळूत पळायची. पावणेसहा फूट उंच, कमी बोलणारी. एका शनिवारी सामना जिंकल्यावर ती पायांची वाळू न झटकता सरळ बद्रीनाथपाशी आली.

“सर, आज मी मारलेल्या शेवटच्या स्मॅशवर केवढ्या टाळ्या पडल्या!”

“हो ना! मी पण वाजवल्या.”

“मी वळून बघितलं. नगरची जीप आली होती.”

बद्रीनाथनं फाटकाकडे पाहिलं.

“सर, मी दिवसभर तिकीट खिडकीवर बसते. प्रवासी मला तिथंही भेटतात, तिथं पण माझ्याकडे कुणी बघत नाही, हात तेवढा बघतात. इथं तरी बघावं असं वाटतं. मला चारशे नकोत. चार द्या, पण बॉल बघणारे.”

ती गेली. बद्रीनाथला त्या रात्री जेवण गेलं नाही. फुकट मिसळीपासून कापडी नागापर्यंत सगळं करताना हा खेळ काय आहे हे आपण कुणालाच सांगितलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्याहून वाईट म्हणजे, ते त्याला स्वतःलाही धड माहीत नव्हतं. रविवारी सकाळी लवकर जाऊन त्यानं पंचांकडून नियम समजून घेतले, वहीत उतरवले आणि सामना सुरू झाल्यावर खुर्च्यांच्या रांगांतून फिरू लागला.

पहिल्या रांगेत पाथर्डीकडच्या सरुबाई बसल्या होत्या. त्यांची लेक वाघोलीत बाळंत झाली होती, म्हणून त्या दर आठवड्याला शुक्रवारी यायच्या आणि रविवारी जीपनं परत जायच्या. नगरला गाडी बदलायची असल्यानं त्यांना घाई असायची, पण जीपला नसायची.

“मावशी, खेळ कळतो का?” बद्रीनाथनं विचारलं.

“कळायचंय काय? ह्या पोरी उड्या मारत्यात. थंडी वाजत न्हाई का रं त्यांना अशा कपड्यांत?”

“पळतात ना, मग नाही वाजत. हे बघा, बॉल आपल्या बाजूला जमिनीवर पडू द्यायचा नाही. तीन हातांच्या आत पलीकडे पाठवायचा. आणि धरून ठेवायचा नाही.”

“म्हंजी गरम भाकरीवाणी. चटका बसायच्या आत परतायची.”

“अगदी तसंच!”

सरुबाईंनी डोळे बारीक करून मैदानाकडे पाहिलं. “अन् दोघींनीच एवढं रान राखायचं? बाकीच्या कुठं गेल्या?”

“बाकीच्या नाहीतच, मावशी. दोघीच असतात. बदली पण मिळत नाही.”

“आमच्या घरावाणीच हाय की मग,” सरुबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून नीट बसल्या. थोड्या वेळानं जयानं मागे धावत जाऊन, वाळूत पोटावर पडून एक बॉल उचलला, तेव्हा भैरूनं नगरची हाळी दिलेली होती. सरुबाई हातानं त्याला “थांब रं” म्हणाल्या.

एकीला कळलं की ती शेजारणीला सांगते, हे बद्रीनाथला खूश ठेवण्याच्या खात्यातल्या सात वर्षांत कधी समजलं नव्हतं. पुढच्या दोन आठवड्यांत सरुबाईंनी अख्खी पहिली रांग शिकवून तयार केली. विमलाबाईंनीही नियमांची वही मागून घेतली. पहिल्या पानावरच्या शुद्धलेखनाच्या पाच चुका लाल पेननं दुरुस्त केल्या आणि मगच वाचली.

अंतिम सामना सव्वीस जानेवारीला होता, कात्रज कोब्रा विरुद्ध मांजरी टायगर. त्या दिवशी मुंबईहून एका वाहिनीचे दोन साहेब येणार होते. त्यांना आवडलं तर पुढचा हंगाम टीव्हीवर दिसणार होता. आपट्यांनी नवा शर्ट घातला होता आणि ते बद्रीनाथला दर पाच मिनिटांनी “ऑथेंटिक वाटलं पाहिजे” असं बजावत होते.

साहेब आले, गर्दी बघून खूश झाले, आणि त्यातल्या तरुण साहेबानं पहिल्या रांगेत सरुबाईंसमोर जाऊन विचारलं, “आजी, तुमची टीम कोणती?”

“पाथर्डी,” सरुबाई म्हणाल्या.

साहेबानं हातातला कागद चाळला. “पाथर्डीची टीम यात नाही.”

“तुमच्या कागदात न्हाई. पण हाय,” सरुबाई म्हणाल्या. “बाजूला व्हा, दिसत न्हाई.”

आपट्यांनी डोळे मिटून घेतले. सुदैवानं तेवढ्यात सामना सुरू झाला.

पहिला सेट कात्रजनं घेतला, दुसरा मांजरीनं. तिसरा पंधरा गुणांचा, पण जिंकायला दोन गुणांची आघाडी हवी. तेरा-तेरा झाले तेव्हा फाटकात भैरू दिसला. “नगर! भरा, भरा, नगर!” कुणी हललं नाही. त्यानं जीपकडे जाऊन हॉर्न वाजवला. विमलाबाईंनी माईकवरून सांगितलं, “नगरच्या चालकांनी हॉर्न वाजवू नये. आम्हांला ऐकू येतं. आम्ही येत नाही.”

भैरू भडकला. तो खुर्च्यांच्या मधून तरातरा चालत थेट वाळूत शिरला आणि जाळ्यापाशी उभा राहिला. पंचांनी शिट्टी फुंकली.

“ओ सायेब,” भैरू पंचांना म्हणाला, “मला नऊ शिटं कमी हायेत. मागं दोन जिपा लागल्यात. ह्यांना तेवढं संपवायला सांगा की लवकर!”

बद्रीनाथ धावला. टीव्हीवाले साहेब एकमेकांकडे बघत होते, आपटे खुर्चीत खाली खाली सरकत होते. पण बद्रीनाथच्या आधी जयाच पुढे गेली. भैरू तिच्या खांद्याएवढाच होता.

“दादा, दोन गुण राहिलेत.”

“मग करा की पटकन.”

“पटकन होत नाही. पलीकडच्या दोघी करू देत नाहीत.”

भैरूनं पलीकडे पाहिलं. मांजरीच्या दोघी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. जाळ्याच्या इतक्या जवळून त्यानं कधी पाहिलं नव्हतं. “लई उंच हायेत गं,” तो हळूच म्हणाला.

“तेच तर,” जया म्हणाली. “बसा खाली. ती रेष ओलांडू नका.”

भैरू रेषेबाहेर वाळूत मांडी घालून बसला. पुढचा गुण मांजरीचा झाला, त्यापुढचा कात्रजचा. चौदा-चौदा. मग पंधरा-पंधरा. लोक उभे राहिले. कोंबडी सुटून खुर्च्यांखालून पळत होती, आणि तिच्या मालकाला ते माहीतच नव्हतं. मांजरीनं एक गुण काढला. सोळा-पंधरा.

मग जो खेळ झाला तो बद्रीनाथला पुढे कितीतरी दिवस तुकड्यातुकड्यांनी आठवत राहिला. बॉल पडतच नव्हता. जया मागे गेली, पुढे आली, एकदा डाव्या मुठीनं आणि एकदा पडता पडता मनगटानं तिनं तो उचलला. विमलाबाई निवेदन करता करता गप्प झाल्या. माईकवरून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. “परत! परत!” सरुबाई ओरडत होत्या, आणि त्यांच्या मागे सगळी रांग ओरडत होती. भैरू गुडघ्यांवर उभा होता. शेवटी जयानं बॉल जाळ्यावर अलगद उभा केला, सोनालीनं उडी मारून तो पलीकडच्या कोपऱ्यात आपटला, आणि मांडवात एकच कल्लोळ झाला.

पंचांनी शिट्टी वाजवली आणि हात मांजरीकडे केला. खाली येताना सोनालीचा दंड जाळ्याला लागला होता.

“सोनाली यांचा जाळ्याला स्पर्श,” विमलाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा अठ्ठावीस वर्षांचा आवाज पहिल्यांदाच जरासा चिरकला. “सामना मांजरीचा. पंचांचा निर्णय... बरोबर आहे. दुर्दैवानं.”

मांजरीच्या दोघी नाचत होत्या. सोनाली तोंड झाकून खाली बसली. जया तिच्याजवळ उभी होती आणि काय करावं ते तिला सुचत नव्हतं. बद्रीनाथ तिच्याकडे निघाला, पण सरुबाई त्याच्या पुढे होत्या. चपला हातात घेऊन त्या वाळू तुडवत आल्या आणि सरळ सोनालीसमोर उभ्या राहिल्या.

“काय गं ए, दंड आवरता येत न्हाई? एवढं चांगलं वाढलेलं ताट सांडलंस!” मग जयाकडे वळल्या. “अन् तू! तू तो मागचा उचलला न्हवं, डाव्या हातानं, रेषेवरनं? तवा डावा पाय आधी टाकायला पाहिजे हुता. उजवा टाकला, म्हनून पडलीस. मी तवाच म्हनलं, ही पडतीया.”

जया त्यांच्याकडे बघत राहिली. रेल्वेच्या प्रशिक्षकानं तिला हीच चूक चार वर्षं सांगितली होती. तिच्या चेहऱ्यावर आधी काही दिसेना, मग एकदम तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. सरुबाईंनी पिशवीत हात घालून दोघींच्या ओंजळीत बोरं घातली. “खा. तोंड वाळलंय.”

मागून भैरूचा आवाज आला. तो पंचांशी भांडत होता. “जाळीलाच हात लागला न्हवं? माणसाला तर न्हाई लागला! मग कसला फाउल?” पंच त्याला नियम समजावत होते, तो आणखी तावातावानं वाद घालत होता, आणि आता त्याचे नऊच्या नऊ उतारू त्याच्याभोवती उभे राहून “चल की रं, उशीर होतोय,” म्हणत होते.

टीव्हीवाल्या साहेबांचं पत्र दोन आठवड्यांनी आलं. खेळ ‘रोचक’ होता, पण चित्रात सामान फार येतं, असं त्यांनी कळवलं होतं. खाली एक ओळ होती, की निवेदन करणाऱ्या बाईंनी सकाळच्या पाककृतींच्या कार्यक्रमासाठी यावं अशी त्यांची इच्छा आहे. विमलाबाईंनी उलट टपाली कळवलं, की त्या फक्त मटार सोलतात. पुढचं त्यांना कंटाळवाणं वाटतं.

आपटे दोन दिवस खिन्न होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी बद्रीनाथला बोलावून स्नूकरच्या लीगची कल्पना सांगितली. पुढच्या हंगामाबद्दल “बघू” म्हणाले. पुण्यात बघू म्हणजे काय, ते अकोल्याहून आलेल्या माणसालाही एव्हाना कळत होतं. बद्रीनाथ टेबल आवरायला लागला. एवढ्यात फोन वाजला.

“गावंडे सायेब का? मी सरुबाईचा पुतण्या बोलतोय, गावच्या जत्रा कमिटीचा अध्यक्ष. चुलतीनं लई डोकं खाल्लंय. चैत्रात आमची जत्रा हाय. सकाळी कुस्त्या असत्यात, दुपार रिकामी जाती. तुमच्या त्या चार पोरी आणाल का? नदीतली वाळू आपलीच हाय. तीन ट्रॉल्या बास का चार टाकू?”

बद्रीनाथनं आवरायला घेतलेलं टेबल तसंच सोडलं. “चार टाका बाप्पा,” तो म्हणाला, “आणि खडे चाळून घ्या.”

त्यानं जयाला फोन लावला. ती खिडकीवर होती. मागे “दौंड एक द्या” असं कुणीतरी ओरडत होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मैदान किती बाय किती मिळेल?” मग तो जिने चढून विमलाबाईंकडे गेला. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

“जत्रेत येईन,” त्या म्हणाल्या. “पण पाळण्यांची गाणी माझ्या माईकवर वाजली, तर मी पुढच्या गाडीनं परत येणार. आणि त्या अध्यक्षांना सांगा, जत्रेच्या पत्रिकेत ‘व्हॉलीबॉल’मधला ली दीर्घ. मी तपासून पाहणार आहे.”